कान लावला नाही

मंगरूळपीर, २७ जानेवारी १९५५

काल रूपला नाईकाच्या तांड्यावर बायकांचं श्रमदान झालं. तांड्यापासून सडकेपर्यंत मुरूम टाकून वाट बांधायची होती. गटाधिकारी साहेब म्हणाले होते, दहा बंजारा बायका आल्या तरी पुष्कळ. एक्केचाळीस आल्या! मीही टोपल्या वाहिल्या. समाजशिक्षण संघटिका म्हणून रुजू झाले तेव्हा याच बायका मला पाहून ओढणीआड हसायच्या. वाशीमच्या माळ्याच्या घरातली मी पहिली बी. ए. आई अजून भाजीची पाटी घेऊन बाजारात बसते. मला जे मिळालं ते या बायांपर्यंत पोचवलं नाही तर शिकले कशाला?

दुपारी एक छोटा अपघात झाला. कमलीबाई नावाची माझ्याच वयाची बाई मुरमाच्या खड्ड्यात टोपलीसकट पडली. उजव्या कानशिलाला दगड लागला. थोडा वेळ शुद्ध नव्हती. पाणी मारल्यावर उठली, हसलीसुद्धा. खड्ड्याच्या काठाला दोर बांधायचा ठरला होता, पण तो झेंड्याच्या काठीला लागला. अहवालात 'एकीस किरकोळ खरचटले' असं लिहिलं आहे.

१७ फेब्रुवारी

आज तांड्यावर मोठं काम झालं. कमलीबाई माझ्या साक्षरता वर्गाला आली नव्हती म्हणून तिच्या झोपडीत गेले. डोकं धरून बसली होती.

"डोक्यात काही तरी चालून राह्यलं, बाई. धस्स... धस्स... जेवतानी, झोपतानी. थांबतच नाई."

सासू जमनाबाई म्हणाली, "खोटं नोहे. म्या कान लावून आयकलं. देवी बोलून राह्यली. पोहरादेवीले न्या लागते. तू बी लाव कान." आणि तिनं सुनेचं डोकं माझ्याकडे वळवलं.

मी कान लावला नाही. गरजच नव्हती. एकाच्या डोक्यातला आवाज दुसऱ्याला ऐकू येतो असं मानणं, हाच तर अडाणीपणा. शिवाय उशीरही होत होता.

कारण मात्र मला तिथंच दिसलं. या बायका दोन्ही कानशिलांवर केसांत गुंफून चांदीच्या घुगऱ्या घालतात, बारीक घुंगरांचे झुबकेच. डोकं जरा हललं की वाजतात. रात्रंदिवस कानाशी चांदी वाजली तर आवाज येणार नाही तर काय! मी म्हटलं, "आठ दिवस ह्या उतरवून ठेव. आवाज जातो की नाही बघ."

"नाई बाई. थ्या उतरवत नसतेत."

"काहून?" मी मुद्दाम त्यांच्या बोलीत विचारलं. नवरा रतनसिंग दारात उभा होता, अंगठ्यानं जमीन उकरत. यालाच मी जडत्व म्हणते. रूढीचं कारण विचारा, उत्तर नाही. अर्धा तास समजावलं. शेवटी म्हटलं, "माझ्यावर विश्वास नाही का?" तेव्हा तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि उतरवल्या. जमनाबाई उठून बाहेर गेली. घुगऱ्या परत घातल्या जाऊ नयेत म्हणून रुमालात बांधून मी बरोबर आणल्या.

विरोध करणारं कुणी उरलं नव्हतं. पटलं असावं.

वाशीम, ६ मार्च

वाचनालयाच्या सभागृहात महिला मंडळापुढे माझं व्याख्यान झालं. 'आपली अंधश्रद्धा'. शंभरावर बायका, मागे काही पुरुष. कमलीबाईची गोष्ट सांगितली. "देवीचा आवाज ऐकायचाय?" असं विचारलं आणि रुमालातून घुगऱ्या काढून माझ्याच कानापाशी वाजवल्या. काय हशा पिकला! गटाधिकारी साहेब म्हणाले, हे लिहून द्या, आपल्या मासिक पत्रिकेत छापू.

बा मागच्या बाकावर बसला होता. मळ्याकडे परतताना पाटाशी आल्यावर म्हणाला, "अंजे, तू कान लावला होता काय वो?"

"बा, गरजच नव्हती."

"आपन टरबूज घेतो तं त्यालेबी कान लावतो." एवढंच बोलला आणि मोट जुंपायला गेला.

मला राग आला. चाळीस वर्षं वांगी लावणाऱ्या माणसाला व्याख्यानातलं काय कळणार, असं मनात आलं. लिहून ठेवते, कारण मनात आलं खरं.

१२ मार्च

होळी झाल्यावर तांड्यावर गेले. लेंगीची गाणी गाऊन सगळ्यांचे घसे बसलेले. कमलीबाई होळीला उठलीच नाही म्हणे. उजवा डोळा लालभडक आहे, थोडा सुजलाही आहे. धूर आणि रंग. बोरिकच्या पाण्यानं धुवायला सांगितलं. आवाजाचं विचारलं तर म्हणाली, "हाये." मी म्हटलं, सवय जायला वेळ लागतो.

तांड्यातली माणसं रतनसिंगाला काहीतरी चिडवत होती. "काय रे, आज जिता का मेला?" मोठ्यानं हसत होती. तो हसत नव्हता. काय विनोद होता कळलं नाही.

वाशीम, २४ मार्च

काल सकाळी रतनसिंग बैलगाडीतून कमलीबाईला घेऊन गटाच्या कचेरीत आला. तिचा उजवा डोळा खोबणीतून पुढे आला आहे. पांढऱ्या भागावर रक्ताच्या शिरा गांडुळासारख्या फुगल्यात, पापणी मिटत नाही. एकाचे दोन दिसतात म्हणते. डोळा जागच्या जागी उडतो. हो, उडतो, नाडीसारखा. मी नीट पाहिलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नागपूरला न्या म्हणून चिठ्ठी दिली. आज सकाळी बसनं वाशीमला आणलं. गाडीला अवकाश होता म्हणून मळ्यात घेऊन आले. आईनं भाकरी टाकली. बा कमलीबाईसमोर उकिडवा बसला.

"पोरी, कान लावू काय?"

तिनं मान पुढे केली. बानं पागोटं काढून ठेवलं, डोळे मिटले आणि तिच्या कानशिलाला कान लावला. पहाटे पाटाच्या कडेनं चालताना तो असाच डोळे मिटून थांबतो. कुठं गळतं ते त्याला कानानं कळतं. बराच वेळ तसाच बसला.

"पाट फुटला हाये," तो म्हणाला. "मोठ्या पाटाचं पानी लहान्यात घुसून राह्यलं. अंजे, तू बी आयक."

मी कान लावला.

आवाज आहे.

नागपूर, २९ मार्च

चार दिवस लिहिता आलं नाही. आज सगळं लिहिते.

गाडीत कमलीबाईला डुलकी लागली तेव्हा मी रुमाल काढून रतनसिंगापुढे धरला. म्हटलं, "ह्या घे. त्या दिवशी तुम्ही कुणी सांगितलं का नाही की का उतरवत नाहीत?"

"सांगाचं कसं, बाई? नवऱ्यादेखत थे बोलत नसतेत." तो खिडकीबाहेर पाहत होता. "नवरा मेला का घुगऱ्या उतरवतेत. तवाच. आता तांड्यात मले पोट्टे बी इचारतेत, जिता का मेला."

"मग तू अडवलं का नाहीस?"

"तू शिकलेली. आमी म्हटलं, असन काही. माणूस वाचते तं मेलेला म्हनून घेऊ."

रुमाल त्यानं घेतला नाही. म्हणाला, नेल्या तुझ्या हातानं, दे बी तुझ्याच हातानं. तिले. तांड्यात.

त्या घुगऱ्या मी शंभर माणसांपुढे वाजवल्या होत्या.

मोठ्या दवाखान्यातल्या थोरल्या डॉक्टरांनी कमलीबाईचा डोळा मिटवून पापणीवरच स्टेथॉस्कोप टेकवला. मग मानेत उजवीकडे बोटं रुतवून काही तरी दाबलं. कमलीबाई एकदम ताठ झाली.

"थांबलं!" ती ओरडली. "बाई, थांबलं!" डॉक्टरांनी बोटं काढली. "आलं पुन्हा." त्यांनी परत दाबलं. "गेलं." ती लहान मुलीसारखी हसायला लागली, एका डोळ्यातून पाणी वाहत.

डॉक्टरांनी विचारलं, "आवाज केव्हापासून?"

"बाईले इचारा. तिच्या वहीत असन."

"दीड महिना," मी म्हटलं.

"तेव्हा कुणी ऐकून पाहिलं नाही?"

"सासूनं ऐकलं होतं."

"मग?"

उत्तरासाठी ते थांबले नाहीत. बाहेर पन्नास रोगी होते.

त्यांनी सांगितलं ते असं. मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी, म्हणजे जोरानं शुद्ध रक्त नेणारी वाहिनी, डोळ्याच्या मागे कवटीच्या बुडाशी अशुद्ध रक्ताच्या एका पोकळीतून जाते. डोक्याला मार बसून तिला तिथंच भोक पडलं. जोराचं रक्त मंद रक्तात घुसतं, तोच आवाज. डोळ्याकडून परतणारं रक्त तुंबतं, म्हणून डोळा फुगतो. बानं पागोटं काढून एका वाक्यात सांगितलं होतं तेच.

उपाय म्हणजे शस्त्रक्रिया करून मानेतली ती वाहिनी बांधून टाकणं. पण एकदम बांधली तर मेंदूची उजवी बाजू उपाशी पडून डावं अंग लुळं होऊ शकतं. म्हणून आधी सवय करायची. कमलीबाईनं स्वतः उजवीकडची वाहिनी दाबायची, दर तासाला, आधी दहा सेकंद, मग वाढवत. आणि दाबायची डाव्याच हातानं. मला वाटलं, उजवा सोयीचा. डॉक्टर म्हणाले, "मेंदूची उजवी बाजू डावा हात चालवते. तिला रक्त कमी पडलं की हाच हात आधी ढिला होऊन आपोआप खाली पडेल आणि रक्त सुरू होईल. दुसऱ्या कुणी दाबायचं नाही. तुम्हीही नाही."

कधी कधी नुसत्या दाबण्यानंही भोक बुजतं म्हणाले. बा म्हणाला असता, वरचं पाणी थोपवलं की भगदाडात गाळ बसतो.

६ एप्रिल

वीस सेकंद. माझ्या मनगटावर घड्याळ आहे, बी. ए. झाल्यावर बानं घेऊन दिलेलं. दाबण्याआधी, दाबताना आणि नंतर मी तिच्या कानशिलाला कान लावते. आज एकवीस वेळा लावला.

कमलीबाई म्हणते, "आता बाई माह्या डोक्याले चिकटूनच राह्यली. गोचीड."

११ एप्रिल

आज पन्नास सेकंदांवर तिचा हात मांडीवर पडला. झाडाची फांदी मोडावी तसा. ती माझ्याकडे पाहत होती आणि हाताकडे पाहत होती. मिनिटाभरानं बोटं हलली. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, हे असंच व्हायला हवं, चाळीसवर या. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

घड्याळापेक्षा रतनसिंगाची रीत बरी निघाली. खाटेशी बसून तो लेंगी गुणगुणतो. दोन कडवी म्हणजे चाळीस सेकंद. परिचारिका ओरडली, "हा दवाखाना आहे, शिमगा नाही!" तो गप्प झाला, पण कमलीबाईचा पाय चालूच.

२१ एप्रिल

दोन मिनिटं. डोळा थोडा आत गेला आहे. आवाज बारीक झालाय पण गेला नाही.

आज टपालानं मासिक पत्रिका आली, साहेबांच्या अभिनंदनाच्या चिठ्ठीसह. 'देवीचा आवाज की चांदीचा?' खाली माझं नाव. मी ती उशीखाली सारणार तोच रतनसिंगानं हातात घेतली. माझ्याच वर्गात तो दोन महिन्यांपूर्वी मुळाक्षरं शिकला. अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागला.

"क... म... ली. कमली!" तो हरखून गेला. "अवो, तुहं नाव हाये यात! बाईनं तुहं नाव छापलं!"

न सांगता त्यानं वाचलेला हा पहिला शब्द.

"काय लिहिलं हाये?" कमलीबाईनं विचारलं.

मी वाचून दाखवलं. सगळं. काही गाळावं असं वाटलं, पण गाळलं नाही. घुगऱ्या वाजवल्या तेही.

ती मग म्हणाली, "लोकं हासले?"

"हो."

"किती?"

"सगळे. माझा बा सोडून."

तिनं डावा हात उचलून मानेला लावला. "घड्याळ पाय," म्हणाली. "टाइम झाला."

३ मे

नुसत्या दाबण्यानं भोक बुजलं नाही. काल शस्त्रक्रिया झाली. नुसती मान बधिर केली होती. कमलीबाई जागी होती. डाव्या हाताची मूठ उघड-मीट करत राहायचं, एवढंच तिचं काम. परिचारिका सांगत होती, दोरा आवळला तेव्हा ही म्हणाली, "गेलं," आणि मूठ एकदाही चुकली नाही.

बाहेर बाकावर रतनसिंग आणि मी. त्याच्याही नकळत त्याची डावी मूठ उघडत-मिटत होती.

आज संध्याकाळी कान लावला. काही नाही. परत लावला. काही नाही.

१४ मे

डोळा जागेवर आला. लाली गेली. पट्टी काढून डॉक्टरांनी बोटं दाखवली. उजव्या डोळ्याला बोटं दिसत नाहीत. खिडकी कुठं आहे तेवढं कळतं, उजेड म्हणून.

वऱ्हांड्यात डॉक्टरांना विचारलं, "महिनाभर आधी आणलं असतं तर?"

ते म्हणाले, "सांगता येत नाही." चालता चालता थांबले. "बहुधा वाचला असता."

आता खरं लिहिते. १७ फेब्रुवारीच्या पानावर मी लिहिलं आहे की गरज नव्हती आणि उशीर होत होता. दोन्ही खोटं. त्या दिवशी मला कसलीही घाई नव्हती. जमनाबाईनं तिचं डोकं पुढे केलं तेव्हा तेलाचा, धुराचा आणि न धुतलेल्या केसांचा वास आला. वेणीत उवा दिसल्या. माझ्या केसांना आता साबणाचा वास येतो. तो तसा यावा म्हणून आईनं फार केलं आहे. मला किळस आली आणि मी तिला विज्ञान म्हटलं. हे कुणाला ठाऊक नाही. या वहीला आहे.

रूपला नाईकाचा तांडा, २५ मे

घुगऱ्या आज दिल्या. नाईकाच्या ओट्यापुढे सगळा तांडा बसला होता. मी आधी जमनाबाईच्या पाया पडले. तिनं पाय मागे घेतले. मग कमलीबाईची माफी मागितली. बोलता बोलता रडू आलं.

"रडू नोको," कमलीबाई म्हणाली. "तू रडली का आमाले तुलेच समजवा लागते. मले माफी नोको, बाई."

"मग काय करू?"

"जेथी हासवलं ना लोकायले, तेथी जाऊन सांग. मी बी येतो. मले पाह्याचं हाये थे लोकं कसे दिसतेत."

दोन सवाष्ण बायकांनी घुगऱ्या केसांत गुंफल्या. मला हात लावू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. कुणी तरी मागून ओरडलं, "जिता झाला रे रतनसिंग!" सगळे हसले. तोही हसला. जमनाबाई माझ्याशी बोलली नाही, पण निघताना पाण्याचा लोटा पुढे केला.

वाशीम, ५ जून

सभागृह मिळवायला फार पायपीट झाली. साहेब म्हणाले, झालं गेलं कशाला उकरता, गटाचं नाव जातं. अहवालातलं 'किरकोळ' दुरुस्त करायचा अर्ज मात्र त्यांनी ठेवून घेतला. आज तीस-पस्तीसच बायका आल्या. पुढच्या रांगेत कमलीबाई, शेजारी रतनसिंग, मागच्या बाकावर बा. या खेपेला आईही आली होती, पाटी दाराशी ठेवून.

मी लिहून नेलं होतं, पण कागद उघडलाच नाही. सुरुवात शुद्ध भाषेत केली आणि तिसऱ्या वाक्याला घरचीच बोली आली. म्हटलं, आवाज खरा होता. हिच्या सासूनं आयकला, माह्या बानं आयकला. मी तुमाले इथंच सांगितलं का थो चांदीचा हाये. म्या कान लावला नाई. दीड महिना गेला. ह्या बाईचा डोळा गेला. तुमी हासले थे माह्यामुळं हासले.

मला वाटलं, संपलं. नमस्कार करून खाली उतरणार होते.

"काहून नाई लावला?" पुढच्या रांगेतून कमलीबाईनं विचारलं. "थे बी सांग ना."

मी आईकडे पाहिलं. मग कमलीबाईकडे.

"वास येत होता," मी म्हटलं. "तुह्या केसाले. मले किळस आली."

कमलीबाईनं मान हलवली, जणू हिशेब जुळला.

"मालूम होतं मले," ती म्हणाली. "तू नाकाले पदर लावला होता. म्या पाह्यलं. तवा दोन्ही डोळे होते ना माहे."

ती परत नीट टेकून बसली. बसताना घुगऱ्या वाजल्या. या खेपेला कुणी हसलं नाही.